दक्षिण ध्रुवखंडावरील नित्यक्रम

शाळेतील पृथ्वीचा गोल हाती घेतला, तर ज्या खिळ्यावर तो फिरतो त्या खिळ्याच्या चकतीखाली एका खंडाचा मध्यभाग झाकला गेलेला असतो. भिंतीवरच्या नकाशात त्या खंडाची अवस्था याहून बरी नसते. तळाशी एक पांढरी, वेड्यावाकड्या कडेची पट्टी तेवढी दिसते, आणि नकाशा गुंडाळण्याच्या दांडीजवळ असल्यामुळे ती सर्वांत आधी झिजते. अंटार्क्टिका म्हणजे नकाशाचा काठ, अशी मुलांची समजूत झाली तर तो मुलांचा दोष नव्हे. वास्तविक हे खंड भारताच्या चौपटीहून मोठे आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १ कोटी ४० लाख चौरस किलोमीटर असून त्यावर सरासरी दोन किलोमीटर जाडीचे बर्फाचे आवरण आहे.

या खंडाचा पाठ घेताना पेंग्विन, सील व देवमासा यांची चित्रे दाखविली जातात, अमुंडसेन आणि स्कॉट यांची शर्यत सांगितली जाते, आणि पाठ संपतो. शर्यत खरीच आहे. अमुंडसेन १४ डिसेंबर १९११ रोजी दक्षिण ध्रुवावर पोहोचला. स्कॉट पाच आठवड्यांनी पोहोचला आणि परतीच्या वाटेवर साथीदारांसह मृत्यू पावला. परंतु एवढेच ऐकून मुलांच्या मनात असे ठसते की, तेथे माणसे जातात ती झेंडा रोवावयास, नाही तर मरावयास. आज तेथे बाराही महिने माणसे राहतात; सकाळी उठतात, भांडी घासतात, वहीत आकडे लिहितात, एकमेकांवर रागावतात आणि झोपी जातात. हे पाठात येत नाही. आणि त्या माणसांत आपल्या भागाशी नाते असलेली माणसेही होती, हे तर बहुतेक शिक्षकांनाही ठाऊक नसते.

भारताची पहिली मोहीम डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघाली. तीत एकवीस जण होते. ९ जानेवारी १९८२ रोजी त्यांनी त्या खंडावर पाऊल ठेवले. सातारा व सांगली जिल्ह्यांना अधिक जवळची वाटावी अशी मोहीम मात्र तिसरी होय. ३ डिसेंबर १९८३ रोजी ‘फिनपोलारिस’ नावाच्या बोटीने एक्क्याऐंशी जण गोवा सोडून दक्षिणेस निघाले. त्यांचे नेते डॉ. हर्ष गुप्ता हे भूकंपशास्त्रज्ञ. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर हादरले, त्यानंतर कोयनेचा जलाशय आणि तेथील भूकंप यांचा परस्परसंबंध ज्यांनी वर्षानुवर्षे अभ्यासला, त्यांपैकी ते एक प्रमुख. पाटण तालुक्यातील ज्या घरांत त्या पहाटेची आठवण अजून निघते, त्या घरांतील मुलांना हे नाव परके वाटू नये.

त्याच बोटीवर डॉ. अदिती पंत होत्या. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांची ही नात, आणि संस्थानचे राजपुत्र व पुढे स्वतंत्र भारताचे राजदूत झालेले अप्पासाहेब पंत यांची कन्या. जुन्या औंध संस्थानाची गावे आज दोन्ही जिल्ह्यांत वाटली गेली आहेत. औंध सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यात, तर आटपाडी आणि कुंडल सांगली जिल्ह्यात. अदिती पंत यांचा जन्म १९४३ साली नागपूर येथे झाला. पुणे विद्यापीठाची पदवी घेऊन त्या हवाई येथे व नंतर लंडन येथे सागरविज्ञान शिकल्या, आणि परत येऊन गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत काम करू लागल्या. त्यांच्यासमवेत कलकत्त्याच्या जादवपूर विद्यापीठातील भूशास्त्रज्ञ डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता होत्या. भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकास गेलेल्या पहिल्या स्त्रिया त्या ह्याच दोघी. भवानरावांनी सूर्यनमस्काराचा प्रसार संस्थानातील शाळाशाळांतून केला, हे जुन्या शिक्षकांना स्मरत असेल. त्यांची नात ज्या ठिकाणी गेली, तेथे त्या दिवसांत सूर्य मावळतच नव्हता.

अदिती पंत यांचे काम समुद्रातील अतिसूक्ष्म वनस्पतींविषयीचे होते. डोळ्यांना न दिसणाऱ्या या वनस्पती उन्हाळ्यातील अखंड प्रकाशावर त्या थंड समुद्रात अमाप वाढतात. कोळंबीसारखा दिसणारा ‘क्रिल’ नावाचा बोटभर प्राणी त्यांवर जगतो, आणि पेंग्विन, सील व प्रचंड देवमासे हे क्रिलवर जगतात. म्हणजे त्या साऱ्या चित्रमय प्राणिसृष्टीचे शेत हे समुद्रातील सूक्ष्म हिरवळीचे आहे. ते शेत किती पिकते हे मोजावयाचे तर निरनिराळ्या खोलीवरचे पाणी बाटल्यांत भरून घ्यावयाचे, गाळावयाचे, तपासावयाचे आणि नोंद करावयाची. बोट हलत असते, हात गारठलेले असतात, आणि बाटलीवरचा क्रमांक चुकला तर दिवसाची मेहनत वाया जाते. मुलांना ‘शोध’ हा शब्द ऐकून काही तरी एकाएकी सापडल्याचा भास होतो. प्रत्यक्षात तो असा बाटल्या मोजीत पुढे सरकतो.

या तिसऱ्या मोहिमेने एकाच उन्हाळ्यात ‘दक्षिण गंगोत्री’ हे भारताचे पहिले कायम केंद्र उभारले. बोट परत फिरली तेव्हा बारा जण मागे राहिले. लेफ्टनंट कर्नल सत्यस्वरूप शर्मा हे त्यांचे प्रमुख होते. १९८४ चा संपूर्ण हिवाळा या बारा जणांनी तेथे काढला. समुद्र गोठल्यावर कोणतीही बोट त्यांच्यापर्यंत येऊ शकत नव्हती. काही बिघडले तर दुरुस्त करावयाचे त्यांनीच, आणि कोणी आजारी पडले तर बरे करावयाचे त्यांनीच.

दक्षिण गंगोत्री समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फाच्या पठारावर बांधलेली होती. तेथे पडलेला हिम वितळत नाही; वारा तो आणून इमारतीभोवती रचतो. काही वर्षांतच इमारत हिमाखाली गाडली गेली आणि १९९० च्या सुमारास ती सोडून द्यावी लागली. तोपर्यंत आत खडकाळ जमिनीवर ‘मैत्री’ हे दुसरे केंद्र तयार झाले होते. शिरमाखर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उघड्या टेकड्यांच्या पट्ट्यात, किनाऱ्यापासून सुमारे शंभर किलोमीटर अंतरावर, लोखंडी खांबांवर उचललेली अशी ही इमारत आहे. खांबांचा हेतू असा की, वाऱ्याबरोबर येणारा हिम खालून निघून जावा. आपल्याकडील शेतकरी पूर येणाऱ्या ओढ्याकाठी घर बांधताना जोते उंच घेतो. त्यातलाच हा विचार. तिसरे केंद्र ‘भारती’ हे मैत्रीपासून सुमारे तीन हजार किलोमीटर पूर्वेस असून ते मार्च २०१२ मध्ये सुरू झाले. मालवाहू बोटीवर असतात तशा १३४ लोखंडी पेट्या एकमेकींस जोडून व वरून आवरण चढवून ते उभारलेले आहे.

माण, खटाव, आटपाडी आणि जत या तालुक्यांतील शिक्षकांनी या खंडाची एक गोष्ट मुलांना अवश्य सांगावी. अंटार्क्टिका हे वाळवंट आहे. महाबळेश्वरी वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यातील माणदेशात पाचशेच्या आसपास. अंटार्क्टिकाच्या अंतर्भागात वर्षभर पडणारा हिम वितळवून मोजला, तर तो पन्नास मिलिमीटरही भरत नाही. जगातील गोड्या पाण्याचा सुमारे सत्तर टक्के साठा ज्या खंडावर आहे, तेथेच प्यावयाचे पाणी मिळविणे हे रोजचे काम होऊन बसते, कारण ते सारे पाणी दगडासारखे घट्ट आहे. बर्फ वितळवावयाचा तर इंधन हवे, आणि इंधनाचा प्रत्येक थेंब हजारो किलोमीटरवरून आणलेला असतो. मैत्रीची जागा निवडताना हीच गोष्ट पाहिली गेली. केंद्राशेजारी ‘प्रियदर्शिनी’ नावाचे गोड्या पाण्याचे तळे आहे. हिवाळ्यात त्याचा पृष्ठभाग गोठतो, परंतु खाली पाणी राहते. ते पंपाने चढवून, गरम राखलेल्या नळातून आत आणतात. पंप थोडा वेळ बंद पडला आणि नळात पाणी साचून राहिले, तर नळ गोठून फुटतो. म्हणून हिवाळ्यात तळ्यावरचा पंप हा केंद्रातील एका माणसाच्या अखंड काळजीचा विषय असतो. घागरीसाठी विहिरीवर रांग धरलेल्या घरातील मुलास हे समजावून सांगावे लागणार नाही.

पाण्याखालोखाल महत्त्वाचा तो अग्नी, आणि तोच सर्वांत मोठा शत्रूही. वीज व ऊब ही दोन्ही डिझेलच्या इंजिनांतून येतात. इंजिने बंद पडली, तर काही तासांत खोल्या राहण्याजोग्या उरत नाहीत. म्हणून एकाहून अधिक जनरेटर ठेवलेले असतात, आणि रात्री एक माणूस जागा असतो. दुसरीकडे, हवा इतकी कोरडी आणि वारा इतका जोराचा की, एक ठिणगी पुरते. आग विझवावयास पाणी नाही आणि पळून जावयास दुसरे घर नाही. त्यामुळे आगीच्या प्रसंगी कोणी काय करावयाचे याचा सराव पुन्हा पुन्हा करून घेतला जातो.

आता दिवसाचा क्रम. हिवाळ्यात मैत्रीवर साधारणतः पंचवीस माणसे असतात. ती सर्व शास्त्रज्ञ नसतात, हे ध्यानात ठेवावयास हवे. हवामानाची नोंद करणारे, पृथ्वीचे चुंबकत्व मोजणारे, हिम व खडक अभ्यासणारे असे काही. आणि त्यांच्याबरोबर डॉक्टर, आचारी, यंत्रे दुरुस्त करणारा, वीजतंत्री, सुतारकाम जाणणारा, बर्फावरची वाहने चालविणारा. निघण्यापूर्वी सर्वांची कसून वैद्यकीय तपासणी होते व हिमालयात औली येथे बर्फावर राहण्याचे शिक्षण दिले जाते. तेथे पदवीपेक्षा हाताला मोल येते. इंजिन दुरुस्त करणारा माणूस आजारी पडला, तर सर्वांचे शास्त्र थंडावते.

हवामानाच्या निरीक्षकाचा दिवस घड्याळाशी बांधलेला असतो. ठरावीक तासांनी तापमान, वायुभार, वाऱ्याची दिशा व वेग, ढग आणि दृश्यता यांची नोंद करावयाची आणि ती जगभरच्या वेधशाळांकडे पाठवावयाची. कित्येक यंत्रे आता स्वतःच नोंद करतात. परंतु यंत्रावर हिम साचला आहे की नाही हे यंत्र सांगत नाही, ते माणसाने जाऊन पाहावे लागते. ठरलेल्या दिवशी वायूने भरलेला फुगा उपकरण बांधून वर सोडतात. तो वर जाता जाता हवेची व ओझोन वायूची माहिती रेडिओने कळवीत राहतो. जोराच्या वाऱ्यात हा फुगा हातातून सोडणे हे पतंग उडविण्याइतके सोपे नाही. पुष्कळदा तो जमिनीवर आपटून फुटतो आणि दुसरा भरावा लागतो. चुंबकत्वाच्या निरीक्षकाची तऱ्हा निराळी. मुंबईजवळच्या अलिबागच्या वेधशाळेत १९०४ पासून जी नोंद अव्याहत चालू आहे, तशीच नोंद भारतीय भूचुंबकत्व संस्थेची माणसे तेथे ठेवतात. त्यांच्या खोलीजवळ लोखंडी वस्तू न्यावयाची नाही, असा कडक नियम असतो.

बाहेर जावयाचे म्हणजे आधी कपडे. एकावर एक असे कित्येक थर चढवावे लागतात, आणि त्यास बराच वेळ लागतो. जाड एकच कपडा घालून चालत नाही. थरांमध्ये अडकलेली हवाच ऊब धरून ठेवते. घाम येऊ देणे धोक्याचे, कारण काम थांबताच तो घाम गारठतो. उघड्या हाताने लोखंड धरले तर कातडी चिकटते. हवा कोरडी असल्यामुळे तहान कळत नाही, पण शरीर सुकत असते, म्हणून पाणी आठवणीने प्यावे लागते.

स्वयंपाकघरातील काम पाळीने सर्वांच्या वाट्याला येते. आचारी असतो, परंतु भाज्या चिरणे, भांडी घासणे, जेवणघर झाडणे ही कामे दररोज पाळी असेल त्याने करावयाची. मग तो मोहिमेचा प्रमुख असो वा डॉक्टर. पंचवीस माणसांची भांडी घासताना अनेक विद्वानांना घरातील स्त्रियांच्या श्रमांची प्रथमच कल्पना येत असेल, असे म्हणावयास हरकत नाही. डाळ, तांदूळ, पीठ, मसाले, डब्यातील व गोठविलेले पदार्थ हे वर्षभरासाठी बोटीने आलेले असतात. ताजी भाजी व फळे बोट गेल्यावर थोडे दिवस पुरतात आणि मग पुढच्या उन्हाळ्यापर्यंत केवळ आठवणीत राहतात. गाय नाही, कोंबडी नाही, आणि अंगणात मिरचीचे रोपही लावता येत नाही, कारण बाहेरचे प्राणी व वनस्पती त्या खंडावर आणू नयेत असा आंतरराष्ट्रीय करार आहे. पूर्वी गाड्या ओढण्यासाठी कुत्री नेत असत. तीही १९९४ पर्यंत परत नेण्यात आली. कचऱ्याविषयीही असाच नियम आहे. रिकामा डबा, फुटकी बाटली, जुनी बॅटरी, सारे गोळा करून, बांधून, बोटीने खंडाबाहेर न्यावयाचे.

हिमवादळ आले म्हणजे हा सारा क्रम थांबतो. थांबत नाही तो केवळ पंप, जनरेटर आणि निरीक्षकाची वही. हे वारे उत्पन्न होतात त्याचे कारण आपल्याकडील उदाहरणाने सांगता येते. थंड हवा जड असते आणि ती सखल जागी उतरते. म्हणूनच हिवाळ्यात महाबळेश्वरास वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठतात, आणि तासगावचे द्राक्षबागाईतदार कडाक्याच्या रात्री बागेत शेकोट्या पेटवितात. अंटार्क्टिकाच्या मध्यभागी तीन-चार किलोमीटर उंचीवर अशी थंड, जड हवा साचते आणि उतारावरून किनाऱ्याकडे धाव घेते. त्यात वादळाची भर पडली की वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर जातो. उडालेल्या हिमामुळे हात लांब केला तर पंजा दिसत नाही. दोन इमारतींमधील अंतर वीस पावलांचे असले तरी त्या वीस पावलांत माणूस वाट चुकतो. यासाठी इमारतींमध्ये दोर बांधलेले असतात. एकट्याने बाहेर पडावयाचे नाही. कोठे जातो व केव्हा परततो हे सांगून जावयाचे. परत आल्यावर तसे कळवावयाचे. हजेरी घेताना एक माणूस कमी भरणे याहून भयंकर गोष्ट तेथे दुसरी नाही.

मग येते ती रात्र. मैत्रीच्या अक्षांशावर मे महिन्याच्या उत्तरार्धात सूर्य क्षितिजाखाली जातो आणि सुमारे दोन महिने वर येत नाही. दुपारी थोडा वेळ संधिप्रकाश येतो, एवढेच. आकाश निरभ्र असले तर हिरवट प्रकाशाचे पडदे हलताना दिसतात. ही ध्रुवीय प्रभा होय. तिचे सौंदर्य निर्विवाद आहे. परंतु दोन महिने सूर्य न पाहिलेल्या माणसास झोप येत नाही, वा झोपच झोप येते, भूक चुकते, क्षुल्लक गोष्टीवरून चीड येते. समोरच्याचे चमच्याने चहा ढवळणे हेही असह्य होते. पंचवीस माणसे, तीच तोंडे, त्याच गोष्टी. घरी कोणाचे लग्न होते, कोणाचा बाप आजारी पडतो, आणि जाता येत नाही. आता उपग्रहाच्या साह्याने घरी बोलता येते, तरी बोलणे म्हणजे पोहोचणे नव्हे.

यावर उपाय म्हणून काही मोठे केले जात नाही. जेवणाच्या वेळा पाळावयाच्या, सर्वांनी एकत्र जेवावयाचे, व्यायाम करावयाचा, दिवाळी, होळी, गणेशचतुर्थी, ईद, नाताळ हे सण सर्वांनी मिळून करावयाचे. २१ जूनच्या सुमारास त्या खंडावरील सर्व देशांची केंद्रे ‘मध्यहिवाळा’ साजरा करतात व एकमेकांना शुभेच्छा पाठवितात, कारण त्या दिवसापासून सूर्य परत फिरतो. आपल्याकडे मकरसंक्रांतीस तिळगूळ देतात, त्याच जातीचा हा सण आहे.

मैत्रीपासून काही किलोमीटरवर रशियाचे नोवोलाझारेव्स्काया हे केंद्र आहे. ते १९६१ साली सुरू झाले, आणि त्याच वर्षी तेथे जे घडले ते ऐकून वर्ग स्तब्ध होईल. लिओनिद रोगोझोव्ह नावाचा सत्तावीस वर्षांचा तरुण त्या केंद्रावरील एकमेव डॉक्टर होता. एप्रिलच्या अखेरीस त्याच्या पोटात दुखू लागले. आंत्रपुच्छ सुजले आहे, हे त्याने स्वतःच ओळखले. बाहेर हिमवादळ होते; विमान उतरणे शक्य नव्हते. त्या रात्री त्याने स्वतःवर शस्त्रक्रिया करण्याचे ठरविले. एका हवामान निरीक्षकाने त्याला हत्यारे दिली, एका यंत्रज्ञाने आरसा व दिवा धरला. जागा तेवढी बधिर करून, अर्धवट बसून, पुष्कळदा केवळ स्पर्शाने चाचपीत त्याने पावणेदोन तासांत आपले आंत्रपुच्छ काढून टाकले आणि जखम शिवली. पंधरवड्यानंतर तो पुन्हा कामावर होता. मुलांना ही गोष्ट सांगताना शिक्षकांनी डॉक्टरबरोबर त्या दोघांचाही उल्लेख करावा. आरसा धरणारा हात कापला असता, तर गोष्ट निराळी झाली असती.

एवढे कष्ट कशासाठी, हा प्रश्न कोणी तरी हुशार मुलगी विचारीलच. त्याचे उत्तर हॅली या ब्रिटिश केंद्राच्या उदाहरणाने देणे सोयीचे आहे. तेथील निरीक्षक १९५० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धापासून डोक्यावरच्या हवेतील ओझोन वायू मोजीत आले होते. हा वायू सूर्याच्या घातक किरणांपासून जीवसृष्टीचे रक्षण करतो. वर्षानुवर्षे आकडे जवळजवळ तेच येत. असे काम बंद करावे, खर्च वाचवावा, असे कोणासही वाटले असते. परंतु वही चालू राहिली. आणि पुढे तीत दिसू लागले की, दर वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये हा आकडा घसरत चालला आहे. फार्मन, गार्डिनर व शँकलिन या तिघांनी १९८५ साली हे जगापुढे मांडले. शीतकपाटांत व फवाऱ्यांच्या डब्यांत वापरली जाणारी रसायने याच्या मुळाशी होती. दोन वर्षांत, १६ सप्टेंबर १९८७ रोजी, माँट्रिऑल येथे त्या रसायनांवर नियंत्रण आणणारा करार झाला. आधीची वीस-पंचवीस वर्षे कोणी कंटाळून खाडा केला असता, तर घसरण कशाच्या मानाने मोजावयाची हेच कळले नसते.

ज्या शाळेच्या आवारात पर्जन्यमापक आहे, तेथे हे समजावणे अगदी सोपे आहे. पाऊस न पडलेल्या दिवशी वहीत शून्य लिहावयाचे, की जागा कोरी सोडावयाची, हा प्रश्न वर्गास विचारावा. कोरी जागा आणि शून्य यांतील फरक मुलांना एकदा कळला, म्हणजे ध्रुवावरचा निरीक्षक वादळातही यंत्रापर्यंत का जातो, हे निराळे सांगावयास नको.

दीर्घ रात्रीचा पाठ घेण्यास मोसंबे, विणकामाची सुई आणि दिवा एवढे साहित्य पुरे. सुई मोसंब्यातून आरपार घालून थोडी तिरकी धरावी, खालच्या टोकाजवळ शाईचा एक ठिपका करावा, आणि अंधाऱ्या खोलीत दिव्याभोवती मोसंबे फिरवावे. सुईचा कल सदैव एकाच भिंतीकडे राहिला पाहिजे. येथेच बहुतेकांचा हात चुकतो. एका बाजूस ठिपका सुईभोवती कितीही फिरविला तरी उजेडातच राहतो, आणि समोरच्या बाजूस आल्यावर कितीही फिरविला तरी अंधारातच.

पत्रलेखनाच्या तासालाही या विषयाचा उपयोग करून घेता येईल. दक्षिण गंगोत्रीवर १९८४ साली भारतीय टपाल कचेरी उघडली. पुढे ती मैत्रीवर आली, आणि ५ एप्रिल २०२४ रोजी भारती केंद्रावरही एक उघडण्यात आली. टपालखात्याच्या व्यवस्थेत गोवा हा महाराष्ट्र परिमंडळाचा भाग असल्यामुळे ह्या कचेऱ्याही महाराष्ट्राच्याच कक्षेत येतात. भारतीच्या प्रायोगिक पिनकोडाची पहिली अक्षरे महाराष्ट्राच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे आहेत. पत्रे गोव्यात वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रात गोळा होतात आणि मोहिमेबरोबर वर्षातून एकदा दक्षिणेस जातात. तेथे त्यांवर शिक्का बसतो व ती परतीच्या प्रवासास लागतात. म्हणजे चौथीतील मुलाने धाडलेल्या पत्राचे उत्तर त्यास पाचवीत मिळावयाचे.

शेवटी गोलाविषयी. मैत्रीसाठी ७० अंश ४६ मिनिटे दक्षिण अक्षांश व ११ अंश ४४ मिनिटे पूर्व रेखांश, आणि भारतीसाठी ६९ अंश २४ मिनिटे दक्षिण व ७६ अंश ११ मिनिटे पूर्व, अशा दोन खुणा लाल शाईने कराव्यात. मग मुलाला साताऱ्यावर बोट ठेवून ते सरळ दक्षिणेकडे ओढावयास सांगावे. गोव्याचा किनारा सुटला की मध्ये मोठी भूमी अशी लागतच नाही, आणि बोट भारतीच्या खुणेशेजारी जाऊन थांबते. दोन्ही ठिकाणांच्या रेखांशांत दोनच अंशांचा फरक असल्यामुळे साताऱ्याच्या मध्यान्हापूर्वी अवघी नऊ मिनिटे तेथे मध्यान्ह होते. मात्र जून महिन्यात त्या मध्यान्ही सूर्य नसतो. उत्तरेच्या क्षितिजावर पहाटेसारखी लाली येते आणि थोड्या वेळाने तेथेच विरून जाते.